विटेतला पांढरा कण

अमरावती, माघ वद्य ३, शके १७८७

चिरंजीव जानरावास बहीण माणिकबाईचे अनेक आशीर्वाद. विशेष. तुझ्या कापूस दाबायच्या कारखान्यातल्या इंजिनासाठी आपल्या भट्टीच्या दोनशे विटा पाठवल्या, त्या पोचल्या काय? काहून लिहीत नाहीस, हात मोडला काय? इथं अंगणात पाच उरल्या, त्यातल्या दोन काल आपोआप फुटल्या. भट्टीतून निघाल्या तेव्हा घंटेवानी वाजत होत्या. तिकडं कोणी भिजवल्या असतील तर त्याचे कान उपट. मले धास्ती वाटून राहिली. जाळ कधी लागणार ते लिही. बहीण आठवते एवढं कळू दे.

अकोला, माघ वद्य ७

तीर्थस्वरूप माणिकबाईस जानरावाचा साष्टांग नमस्कार. वि. वि. विटा पोचल्या आणि इंजिनाच्या चुलीत बसल्याही. तीन-चारांचा टवका उडाला, आत ज्वारीएवढा पांढरा कण दिसतो. खुशालराव गवंडी म्हणतो, एवढ्यानं काही होत नाही. बाई, तू वाघाले भ्यायची नाहीस, आता विटेले भ्यायला लागलीस? फाल्गुन शुद्ध प्रतिपदेला जाळ. चुलीच्या तोंडाशी लाकूड घालायला मीच आहे. त्या मानाचं पागोटं कारखान्याच्या गोऱ्या सायबानं दिलं. आशीर्वाद पाठव, शिव्या राखून ठेव.

अमरावती, माघ वद्य १०

चिरंजीव जानरावास आशीर्वाद. जाळ लावू नको. बाकीचं मग वाच.

तो कण चुनखडीचा. चूक गवंड्याची नाही, माझी. मोठ्या जाळाच्या विटेला परतवाड्याकडची पांढरी माती लागते. पण औंदा साऱ्या गाड्या कापसामागं, मातीसाठी एक मिळाली नाही. मी अर्धी माती शेतातल्या नव्या विहिरीची मिसळली आणि कोणाले बोलले नाही. तिच्यातले खडे चाळणीतून सुटले. भट्टीत त्यांचा चुना झाला. तो आता ओल पिऊन फुगतो आणि वीट आतून फोडतो. आज भाकर थापताना अंगणातली तिसरी वीट फुटली, हातातला उंडा राखेत पडला. चुलीची कमान पेटत्या जाळासकट तुझ्या अंगावर येईल रे. दोन दिवस तिच्यावर पाणी मार, फुटायचं ते फुटू दे. सायबाले माझं नाव सांग. पत्र डाकेत टाकते. वेळेत पोचेल की नाही, कोण जाणे.

अकोला, फाल्गुन शुद्ध ३

तीर्थस्वरूप बाईस साष्टांग नमस्कार. वि. वि. पत्र प्रतिपदेला सकाळी आलं, तेव्हा लाकूड रचून झालं होतं. सायब ओरडला, पण पाणी मारू दिलं. काल दुपारी कमान खाली आली, नेमकी माझ्या उभं राहायच्या जागी. कोणाले लागलं नाही. सायबाले विटा तुझ्याच पाहिजेत, फक्त माती त्याच्या डोळ्यांसमोर चाळायची. बाई, तुझ्यापाशी लपवत नाही, त्या चुलीकडं आता पाय उचलत नाही. पागोटं खुंटीवर आहे.

अमरावती, फाल्गुन शुद्ध ६

चिरंजीव जानरावास आशीर्वाद. नबी गाडीवान कापूस सोडून पांढरी माती आणायला गेला. ती मी माझ्या लुगड्यातून गाळीन. सायबाले पाहायचं तर इथं यावं. भाजलेली वीट न् वीट पाण्यात ठेवीन, टिकेल तीच गाडीत चढेल. सोबत मी येते. पहिलं लाकूड मी घालीन, तू दाराबाहेर राहा. मी धड बाहेर आले, तरच पागोटं बांध.