आमच्या बीचला यंदा बी धरणार

२ सप्टेंबर
आज कॉफीला जमलेल्या सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. अंगणातल्या बीचच्या झाडाला यंदा बी धरणार. बीचला बी चाळिशीत येतं, आमचा बेचाळिशीत आहे. लग्नाच्या वर्षी मीच जंगलातून ओळखून आणलेलं रोप. माझ्या बायकोची, गेर्लिंडेची, आई महायुद्धानंतर बीचच्या बियांचं तेल काढायची. त्या तेलातले बटाटे गेर्लिंडेला जन्मभर आठवत. नोव्हेंबरात, सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर जातात त्या मृतांच्या रविवारी, पहिली मूठभर बी गेर्लिंडेच्या कबरीवर ठेवणार. मार्चमध्ये ती गेली. मी आता पूर्ण सावरलो आहे.

९ सप्टेंबर, सकाळ
अंगण झाडल्याचा आवाज. खर्र, खर्र. अगदी ती झाडायची तसा. वारा असणार. खिडकी लावून घेतली. बाहेर पान हलत नव्हतं, पण वारा कुठेतरी असतोच.

१४ सप्टेंबर
मेहुणी ऑर्ट्रून आली. झाडाखाली उभी राहून म्हणाली, "हार्टविग, हा बीच नाही रे." मी खोड दाखवलं. राखाडी, गुळगुळीत. म्हणाली, "खोडाचं सोड, पान बघ. बीचच्या पानाची कड नुसती लाटेसारखी. याला करवतीचे दात आहेत." अळीनं कुरतडलं असेल, म्हटलं. "सगळी पानं? एका मापात?" शिस्तीची अळी असेल.
बहीण गेल्यापासून बिचारी खचली आहे. तिच्याशी सांभाळून बोलायचं.

२३ सप्टेंबर
झाडावर कागदी पंखांचे घोस लोंबतायत. तीन बोटांचा पंख, बुडाशी दाणा. बहुधा रोग. बीचचं बी तिकोनी, काटेरी बोंडातलं. ते शेंड्याकडे असणार. उद्या शिडी.

२४ सप्टेंबर
शिडी लावली. चढलो नाही. गुडघा. शिवाय "अरे, पडशील!" म्हणून ओरडायला खाली कोणी नको?

६ ऑक्टोबर, सकाळ
पुन्हा खर्र, खर्र. या वेळी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "गेर्लिंडे, राहू दे, मी झाडतो." आवाज थांबला.
वाऱ्याला कान नसतात हे मला ठाऊक आहे. फक्त खात्री करून घेतली. दिवसभर अंगणात गेलो नाही. पाऊस येईलसं वाटत होतं.

१९ ऑक्टोबर
अंगणभर पंखच पंख. पाऊल बुडतं. ऑर्ट्रूनला फोन केला, म्हटलं, असं कधीच झालं नव्हतं, रोग बळावलाय. ती म्हणाली, "दरवर्षी होतं. वीसेक वर्षं होतंय. पांढरा बीच आहे तो. नावापुरता बीच, घराणंच वेगळं. हेच त्याचं बी. तू उठायच्या आत गेर्लिंडे झाडून टाकायची."
पण का?
"तू ज्याला त्याला सांगत सुटायचास, आमचा बीच, आमचा बीच. ती म्हणायची, किती खुशीत सांगतो गं, तू काही बोलू नकोस."
मला याची कल्पना होतीच, असं सांगून फोन ठेवला.

२० ऑक्टोबर
झाडू शोधला. दाराआडच होता. एका बाजूनं झिजलेला, तिच्या हाताच्या सवयीनं. माझ्या हातात उलटा पडतो.
थोडंसं झाडलं. मग तसंच राहू दिलं.

२४ नोव्हेंबर, मृतांचा रविवार
दफनभूमीत जो तो विचारत होता, बी कुठाय? यंदा जरा कमी आलं, म्हटलं. ऑर्ट्रूननं मान खाली घातली. कबरीवर मूठ उघडली. पंख लगेच उडाले, शेजारच्या कबरीवर जाऊन बसले. गोळा करायला वाकलो आणि बराच वेळ उठताच येईना. गुडघाच.

२९ नोव्हेंबर
रोपवाटिकेतून खरा बीच आणला. पान नीट पाहून घेतलं: वाळलेलं, तरी फांदीला धरून, कड लाटेची. रोपवाल्याला विचारलं, बी कधी धरेल?
"जंगलाच्या गर्दीत साठ वर्षं. मोकळ्या जागेत चाळीस."
मी एकाहत्तर वर्षांचा आहे.
म्हटलं, मोकळ्या जागेतच लावतोय.