पेट्रोलचा पाइप आणि गुरुवारचा लोबान

आप्पा, आज मी तुमच्या गाडीचा पेट्रोलचा पाइप बदलला. माझ्या हातांनी. तुमचा विश्वास बसणार नाही, कारण नांदेडच्या गॅरेजात तुम्ही मला, तुमच्या लेकीला, कधी पान्याला हात लावू दिला नाहीत; मी आपली काउंटरवर बसून गिऱ्हाइकांना पाणी द्यायचं आणि सुटे भाग काढून द्यायचे. गाडी माझ्या नावावर केलीत तेव्हा भाऊबंद म्हणाले, ही काय करणार, महिन्यात विकून टाकेल. नाही विकली. लातूरला आणली, आणि आता या घरात माझ्याशिवाय आवाज करणारी तेवढी एकच वस्तू उरली आहे. यांना जाऊन सहा वर्षं झाली. मुलगी बंगळूरला, तिचा फोन रविवारी येतो. बाकीचे सहा दिवस मी गाडीशीच बोलते, म्हणजे तिला शिव्या घालते.

परवा सकाळी फाटक उघडायला गेले तर पेट्रोलचा वास. बॉनेट वर केलं. पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप भेगाळला होता आणि क्लिपेपाशी थेंब जमून खाली पडत होता. गाडी तिथेच ठेवली आणि चौकातल्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने वाकून पाहिलं न पाहिलं, म्हणाला, "काकू, साबन लावून देतो. कपड्याचा साबन दाबून बसवला की महिनाभर बघायचं काम न्हाई." मी म्हटलं, "अरे, इंजिनाच्या उष्णतेनं तो वितळला तर काय करू? अंगावर भडका घेऊ?" तर म्हणे, "मंग पाण्याचा पाइप घालू, तो बी बसतो की." तुम्ही असता तर तो उलट्या पावली पळाला असता. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. चहा पिईपर्यंत तरी कुणीतरी समोर बसलं होतं, हेही खरंच.

पाइप मी बाजारातून पेट्रोलचाच आणला, जुन्याच्या मापाचा, सोबत नव्या क्लिपा. दुकानदार म्हणाला, आताच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही, मागचाही तुकडा बदलून टाका. मी दोन्ही घेतले. आज सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना, गाडी न्यूट्रलला टाकून ढकलत अंगणात उघड्यावर आणली. छप्पन्नाव्या वर्षी गाडी ढकलणं म्हणजे काय ते कमरेला विचारा. मग चाकांना दगड लावले, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, मोबाइल घरात ठेवला, वाळूच्या दोन बादल्या हाताशी घेतल्या. टाकीचं झाकण एकदा उघडून आतली हवा जाऊ दिली. टाकीकडून येणारा पाइप चिमट्याने दाबून धरला, खाली पत्र्याचा डबा लावला. आणि पाइप ओढण्याआधी, तुम्ही ओरडायचात तशी, मोठ्याने ओरडले, "पेट्रोल उघडून राहिले! काडी नको!"

तुम्ही ओरडलात की पानवाला विडी विझवायचा, वेल्डिंगवाला हात थांबवायचा, सगळी गल्ली हसत हसत तुमचं ऐकायची. माझ्या अंगणात कुणीच नव्हतं. दूर थांबा म्हणावं असं एकही माणूस नव्हतं. मला रडू आलं आप्पा, पण हात पेट्रोलचे, डोळे पुसता येईनात.

आणि तेव्हा तो गुरुवार आठवला. विसरले होते असं नाही, पण आज तो अगदी समोर उभा राहिला. दुपार कलली आहे. लोह्याहून आलेल्या कुणाची तरी मोटार आपल्याकडे उभी आहे, तिचा पेट्रोलचा पाइप गळतो आहे आणि तुम्ही गाडीखाली आहात. तुम्ही ओरडलेलं मी ऐकलं आहे. पण मी बावीस वर्षांची आहे, काउंटरवर मासिक वाचते आहे. रस्त्यावरून लोबानचा वास येतो. दर गुरुवारी येणारे ते चाचा, तुमच्याच वयाचे, हातात पेटत्या निखाऱ्यांचं धूपदान. ते कधीच आपणहून आत येत नसत. उंबऱ्यापाशी थांबत, मी "या चाचा" म्हणाले की आत येऊन गल्ल्यावर, अवजारांवर, देवाच्या फोटोवर धूर फिरवत. त्या दिवशीही ते थांबले. आणि मासिकातून मान वर न करता मी म्हणाले, "या चाचा."

तुम्ही गाडीखालून कसे बाहेर आलात ते मला अजून समजलेलं नाही. अख्खी वाळूची बादली धूपदानावर उलटी केलीत. "कोन बोलावलं ह्याला आत? समद्यायला जाळून मारता का?" चाचांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "आदत से आ गया, सेठ. मेरीच गलती है." तुम्ही त्यांना चार माणसांत नको नको ते बोललात आणि पुन्हा पायरी चढू नको म्हणून बजावलंत. ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून धूपदानातली वाळू बोटांनी काढत राहिले. मी मासिक मिटून ठेवलं आणि गप्प बसले. पुढे कित्येक वर्षं ते दर गुरुवारी पलीकडच्या फुटपाथवरून जात. मला पाहून हात वर करत. मी काहीतरी शोधायला काउंटरखाली वाकत असे.

तर पाइपाचे दोन्ही तुकडे बसले. क्लिपा आवळल्या, सांडलेलं पुसलं, चिंध्या लांब उन्हात टाकल्या, वास पूर्ण जाईपर्यंत तासभर पायरीवर बसून राहिले. मग बॅटरी जोडली. गाडी चौथ्या प्रयत्नाला सुरू झाली. चालू इंजिनावर वाकून सगळे जोड पाहिले, कोरडे होते. बंद करून पुन्हा पाहिले, कोरडेच. कुणाला तरी सांगावंसं फार वाटलं. मुलीला फोन लावला, ती मीटिंगमध्ये होती. म्हणून तुम्हाला लिहायला बसले. हे कागद कुठे जायचे नाहीत, मला ठाऊक आहे, तरी हात थांबत नाही.

तुमच्या शेवटच्या आजारपणातली, नांदेडच्या दवाखान्यातली ती संध्याकाळ तुम्हाला आठवत असेल का? मी लातूरहून आले होते, तुम्हाला मोसंबीचा रस पाजत होते. तुम्ही एकदम म्हणालात, "माय, तो लोबानवाला न बोलावता आत येत नव्हता, न्हाई का?" तुम्ही माझ्याकडे पाहत नव्हता, खिडकीकडे पाहत होता. मला तेव्हाच कळलं की तुम्हाला कळलं आहे, बहुतेक पहिल्यापासूनच. मग म्हणालात, "लई बोललो त्याला. कुठं हाय बघ बरं. एकदा भेटायचं हाय मला." आणि मी म्हणाले, "गेले असतील हो आप्पा ते. किती वर्षं झाली." तुम्ही "हाव" म्हणालात आणि डोळे मिटलेत.

चाचा गेले नव्हते. त्याच दिवशी, बसमधून उतरून रिक्षाने तुमच्याकडे येताना, नांदेडातच देगलूर नाक्यावर मला दिसले होते. त्यांनी मला ओळखलं, रिक्षापाशी आले, आणि पहिल्यांदा तुमचीच तब्येत विचारली.