बॉनेटवरचा चकचकीत गोल

अण्णा, तुमची जीप आता चमकत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे सगळे समजून घ्यायला तुम्हाला थोडा धीर लागेल.

मी तिला मॅट व्हिनाइल चढवले आहे. व्हिनाइल म्हणजे पातळ, चिकट पाठीची प्लास्टिकची फिल्म. पत्र्यावर ती गरम हवेने ताणून अशी बसवतात की शिवण दिसत नाही, आणि उद्या काढायची ठरली तर सावकाश सोलून निघते; खालचा रंग जसाच्या तसा राहतो. अट एकच, खालचा रंग धड हवा. पोपडे धरलेल्या रंगावर ती टिकत नाही. सोलापूरच्या कारागिराने तुमच्या जीपवरून हात फिरवला आणि मला विचारले, की या वयाच्या गाडीचा रंग इतका शाबूत कसा. मी तुमचे नाव सांगितले. खर्चाचे विचाराल, तर साध्या फिल्मपेक्षा मॅट महाग, आणि तुमच्या जीपच्या कोपऱ्याकोपऱ्यांमुळे मजुरी त्याहून जास्त. एकूण जेवढे लागले, तेवढ्यात तुम्ही ही आख्खी जीप घेतली होती. हे वाक्य मी आईसमोर उच्चारलेले नाही.

तुम्ही विचाराल, मग चमक का घालवली? धाराशिवच्या उन्हात तुमचा मूळ रंग विटू नये म्हणून. झाकणारच, तर झाकण कमी ओरखडे दाखवणारे असावे, हा एक विचार. आणि खरे सांगायचे तर मला मॅट फार देखणे वाटते. छटाही मी तुमचीच, करडी ठेवली, कारण रंग बदलला की नोंदणीतही बदल करून घ्यावा लागतो. गेली ती फक्त चमक.

पण आपल्या गल्लीला हे कसे समजावे? समोरच्या काकांनी पहिल्याच दिवशी जीपभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "प्रायमर मारून पैसं संपलं व्हय, मास्तर?" मी तंत्रनिकेतनात शिकवतो त्याच पद्धतीने त्यांना प्रकाशाचे परावर्तन समजावले. गुळगुळीत पृष्ठभाग प्रकाश एका दिशेने परत पाठवतो, खरखरीत पृष्ठभाग तो विखुरतो. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी ओले फडके आणून दाराची धूळ पुसू लागले. धूळ नव्हतीच, ते मॅट होते.

आईचे प्रकरण मात्र गंभीर होते. खंडेनवमीला घरच्या हत्यारांबरोबर जीप पुजायची आणि मग तिच्यातूनच तुळजापूरला जायचे, हा तुम्ही घातलेला शिरस्ता तिने तुमच्यामागे एकदाही मोडला नव्हता. यंदा मात्र ती म्हणाली, मी एसटीनं जाईन, एसटी निदान धुतलेली तरी असती. मी हसलो. ती हसली नाही.

"लोक काय म्हणतील? नवरा गेला अन् गाडीला पाणी लागायचं बंद झालं."

मला एकदम आपले अंगण दिसते. तुम्ही पिवळ्या फडक्याने बॉनेट घासता आहात. घासून झाल्यावर वाकून, त्यात बघून टोपी सरळ करता. भिंतीवर आरसा आहे, पण तुम्ही तिकडे बघत नाही. एकदा त्या बॉनेटवर साचलेल्या धुळीत मी बोटाने माझे नाव काढले, तर तुम्ही म्हणालात, "माझ्या तोंडावर लिवतो का रं?" तेव्हा मला ते रागावणे वाटले होते. आता वाटते, तुम्ही वस्तुस्थिती सांगत होता.

खंडेनवमीच्या सकाळी मी आईला निगेचे नियम पुन्हा समजावले. मऊ कापड, सौम्य साबण, सावलीत हाताने धुणे. पक्ष्यांची घाण लगेच पुसणे. ब्रश नाही, मेण नाही, पॉलिश मुळीच नाही, कारण मॅटच्या बारीक खाचांत ते भरते आणि तिथे कायमचा चकचकीत डाग पडतो. तेलातले कुंकूही तसेच मुरते. म्हणून पूजेसाठी मी बॉनेटवर केळीचे पान अंथरून ठेवले होते. आई प्रत्येक नियमाला मान हलवत होती. इतकी लक्ष देणारी विद्यार्थिनी मला वर्गात कधी मिळालेली नाही. मी निर्धास्तपणे कार्यशाळेतल्या यंत्रांच्या पूजेला गेलो.

परत आलो तेव्हा केळीचे पान घडी करून बाजूला ठेवलेले होते. आई पदर खोचून, तुमचा जुना पॉलिशचा डबा उघडून, त्याच पिवळ्या फडक्याने बॉनेट घासत होती. चालकाच्या बाजूला, बरोबर तुमच्या टोपीच्या जागी, ताटाएवढा डाग लखलखत होता. मी काही बोलायच्या आत ती वाकली आणि त्यात बघू लागली.

"दिसतंय का?" मी विचारले.

"अंधुक दिसतंय," ती म्हणाली. "मोतीबिंदू झाल्यावर त्यांनाबी एवढंच दिसायचं. तरी टोपी वाकडी न्हाय झाली कधी." मग तिने डागाच्या मधोमध कुंकवाचे बोट टेकवले, पॉलिशचा डबा सीटखाली सरकवला, नारळाची पिशवी उचलली आणि जीपमध्ये पुढे जाऊन बसली. "चल की. उशीर झाला तर गाडी लई लांब लावावी लागती."

कारागीर म्हणतो, तेवढे बॉनेट नव्याने करून देतो. मी त्याला अजून हो म्हटलेले नाही. हे पत्र कुठे धाडायचे तेही माहीत नाही, आणि घरात ठेवावे तर आई वाचेल. तिने ते वाचायला नको. कारण तिने घासलेला डाग एका अंगाला वाकडा होता, अण्णा. तुळजापुरात ती देवळात गेली असताना मी सीटखालच्या डब्यातून पॉलिशचे एक बोट घेऊन तो नीट गोल करून ठेवला.