मामांच्या गाडीचे नवे दिवे

तीर्थरूप मामांच्या पायांवर गेवराईहून जावई अंगद याचं डोकं. मामींनाही नमस्कार. डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं कळलं, जीव भांड्यात पडला. पट्टी निघाली का? काळा चष्मा लावता का? पुण्यातलं पाणी सोसतं का? इकडे सायली मजेत आहे, तुमची धाकटी ऋतुजा मजेत आहे, तुमच्या घराला आम्ही नीट कुलूप-कडी करतो. तुम्ही म्हणाल, जावईबापू, खिशात फोन असताना पत्र कावून? तर मामा, डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसानं ओरडू नये, डोळ्यावर ताण येतो, असं डॉक्टरांचं मत आहे. आणि फोनवर तुम्ही माझ्याशी ओरडल्याशिवाय बोलत नाही, असं माझं मत आहे. म्हणून पत्र. मामींनी ते सावकाश वाचून दाखवावं, आणि मामांच्या कपाळावरची शीर उठलेली दिसली की तिथंच थांबून त्यांना पाणी द्यावं.

जाताना तुम्ही दोन गोष्टी माझ्यावर सोपवल्या. एक तुमची पांढरी गाडी, दुसरी ऋतुजाची सोयरीक. (क्रम तुमचाच आहे, मी काही म्हणत नाही.) तलवाड्याचे पाहुणे अधिक महिना लागायच्या आत सुपारी फोडा म्हणून अडून बसले, तुमचं ऑपरेशनही टळण्यासारखं नव्हतं, तेव्हा तुम्ही म्हणालात की माझ्या जागी तुम्ही बसा, पण सुपारी फुटल्याशिवाय पाहुणा उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. मुलगा बद्रीनाथ, जनावरांचा डॉक्टर, शांत, ऋतुजाच्या मनात भरलेला. (फोटो तिच्या पुस्तकात आहे, हे मी सांगितलं असं सांगू नका.) त्याला वडील नाहीत, लहानाचा मोठा केला तो चुलत्यानं, आश्रुबांनी. त्यांच्या शब्दाशिवाय त्या घरात मांजरसुद्धा पाणी पीत नाही. सुपारी फुटली का, हेच तुम्ही आधी विचाराल. सांगतो. पण विज्ञानाचा मास्तर आहे, क्रमानं सांगतो.

मामा, वर्षभर तुम्हीच तक्रार करत होतात की गाडीचा उजेड गेला, संध्याकाळी रस्ता दिसत नाही. मागं तुम्ही सरपंचाच्या गोठ्यात गाडी घातलीत आणि खाली उतरून त्याच्या म्हशीला रामराम केलात, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. (दोष तुमच्या डोळ्यात आहे की गाडीच्या बल्बात, हे त्या वेळी ठरलं नव्हतं.) तुम्ही परत याल तेव्हा गाडी लख्ख असावी, मामांनी एकदा तरी म्हणावं की जावई कामाचा निघाला, एवढाच माझा हेतू. म्हणून हायवेच्या दुकानातून एलईडीचा पुरा संच आणला: पुढचे, मागचे, नंबरप्लेटचे, छतातले, पायाशी लावायचे, सगळे. दुकानदार म्हणाला, बसवून देतो. मी म्हणालो, मी मुलांना वीज शिकवतो. सायली म्हणाली, अहो, घरातली ट्यूब तुम्ही बसवली तेव्हापासून मिक्सर चालत नाही. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

एलईडीला मामा, उलट-सुलट असतं. जुना बल्ब बिचारा कसाही घाला, पेटतो. हा उलटा बसला की ढिम्म. म्हणून निम्मे दिवे मी दोनदोनदा बसवले. छतातला बसवताना एक वायर तुटली, ती मी जिथं जोडल्यावर उजेड पडला तिथं जोडली. मग छतातला दिवा आणि पायाशी लावलेले निळे दिवे पेटले ते दार लावलं तरी विझेनात. इंडिकेटरची आणखी तऱ्हा. नवे दिवे वीज फार थोडी खातात, त्यामुळे गाडीला वाटतं की बल्ब उडाला, आणि ती इंडिकेटर दुप्पट वेगानं फडफडवते. (हे मला नंतर कळलं.) आतून निळी, बाहेरून फडफडणारी, पुढून बघवत नाही इतकी पांढरी अशी गाडी दारात उभी राहिली, तेव्हा शेजारच्यांनी आपली मोटरसायकल गुपचूप आत घेतली. मला वाटलं, जळतात लेकाचे.

सुपारीच्या दिवशी पाहुण्यांना मानानं आणायला मी तलवाड्याला गेलो. तिथं जेवणावळ लांबली, निघायला दिवेलागण झाली. आश्रुबांचा निरोप होता, तुमी व्हा पुढं, म्या शेताकडून परस्पर येतो. मागच्या जीपमध्ये बद्रीनाथ, त्याच्या आत्या आणि बायाबापड्या, पुढं मी. जीपवाल्याला वाट कळावी म्हणून मी चारही इंडिकेटर लावले. तेच चुकलं. (चुकलं म्हणजे इंडिकेटरचं चुकलं.) बटण आत गेलं ते बाहेर येईना. आता मामा, गोदावरीकडून येणारा तो रस्ता, त्यावर अंधार पडता पडता चोरून काय वाहतं हे तुम्हाला मी सांगावं असं नाही. आणि पांढरी गाडी, आत निळा उजेड, भरभर उघडझाप, मागं आणखी एक जीप, असं काही दिसलं की तिकडचा माणूस तहसीलदाराची धाड समजतो, तेही तुम्ही जाणता. मी मात्र ऐटीत चाललो होतो.

वळणावर समोर एक ट्रॅक्टर होता. त्यानं माझा उजेड पाहिला मात्र, जागेवरच ट्रॉली उचलली आणि सगळी ओली वाळू भर रस्त्यात ओतली. ड्रायव्हर एकीकडं पळाला. त्याच्या शेजारी बसलेला एक कडक इस्त्रीतला म्हातारा धोतराचा सोगा धरून दुसरीकडं उसाच्या फडात घुसला. मी करकचून ब्रेक मारला. मागून बद्रीनाथ उतरून आला. वाळूवर एक नवाकोरा गुलाबी फेटा पडला होता, आणि पेढ्यांचा पुडा. बद्रीनाथनं फेटा उचलला, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, काकाचा हाय. सुपारीला येता येता वाटेत एक खेप टाकून जावी, असा विचार त्यांनी केला होता. अहो, कुणी लेकराच्या सुपारीला वाळू घेऊन येतं का!

इथून पुढं मामींनी जरा जपून वाचावं. आश्रुबा सापडावेत म्हणून मी गाडी वळवून हेडलाइट उसावर मारला. ऊस दिवसासारखा दिसू लागला आणि आश्रुबा आणखी आत गेले. बद्रीनाथनं फोन लावला, फडात घंटी वाजली, लगेच बंद झाली, आणि आतून आवाज आला, “आरं देवा, बद्रीला बी धरलं!” तो ओरडला, “काका, आपलीच मान्सं हायत, बाहेर या!” आतून उत्तर आलं, “साहेब लोक आसंच म्हणतेत!” मी हेडलाइट बंद केला, पण इंडिकेटर आणि आतला निळा उजेड काही केल्या थांबेना. जुने बल्ब असते तर एव्हाना बॅटरी तरी उतरली असती. या दिव्यांना बॅटरी संपतच नाही, म्हणून तर दुकानदार त्यांची तारीफ करत होता.

जीपमधल्या आत्याबाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, वाटेतच आडवं आलं, ह्यो काही शकुन न्हाई, जीप मागं वळवा. जीपवाल्यानं खरंच गाडी चालू केली.  घरी ऋतुजा हिरवी साडी नेसून बसलेली, ताटात सुपारी मांडलेली, आणि इथं मी माझ्या हातानं तिचं जमलेलं लग्न उसात घालवत होतो. मामा, खोटं कशाला बोलू, लई वाईट वाटलं. रडू आलं म्हणा ना. तुम्हाला फोन करणार होतो, पण तुमचा डोळा आठवला. म्हणून ऋतुजालाच केला. ती म्हणाली, “दाजी, डिक्कीत पाना आहे. बॉनेट उघडा आणि बॅटरीची वायर काढा. आण्णा गावाला जाताना नेहमी काढतात.” एवढं साधं मला सुचलं नव्हतं, कारण ते पुस्तकात नाही.

वायर काढली. मिट्ट काळोख.  थोड्या वेळानं ऊस सळसळला, चिखलानं माखलेले आश्रुबा बाहेर आले, आणि मला अंधारात कोपरानं ढोसून म्हणाले, “गेला का बे त्यो साहेब?” मी म्हणालो, गेला. (मोठ्यांशी खोटं बोलू नये हे मला माहीत आहे.) हाताला धरून त्यांना मागच्या सीटवर बसवलं आणि वायर परत जोडली. भप्पकन निळा उजेड पडला. त्यांनी छताकडं बघितलं, पायाशी बघितलं, आणि दार उघडायला लागले. पण मागच्या दाराचं लहान मुलांचं कुलूप तुम्हीच कधीतरी लावून ठेवलेलं. घरापर्यंत ते हात जोडून बसले होते. दारात उलगडा झाल्यावर मात्र माझ्याकडं असे बघू लागले की मला आधीचं बरं होतं असं वाटलं.

तर मामा, पाहुणे घरी आले, चहा-पोहे झाले, मुलगी पसंत पडली. आश्रुबा स्वतःच्या तोंडानं “पोरगी लाखात एक हाय” म्हणाले. तेव्हा सुपारी फुटल्यातच जमा आहे असं समजावं. मनाला काही लावून घेऊ नये, डोळ्यात औषध वेळेवर घालावं, परत यायची अजिबात घाई करू नये.

आपला आज्ञाधारक,
अंगद

ता. क. आश्रुबांनी हुंडा नको, मानपान नको म्हटलं. एकच बारीकशी अट घातली. लग्न होईपर्यंत आपली गाडी, दिव्यांसकट, तलवाड्यात ठेवायची. ती पुढं चालली की नदीवरचे बाकीचे सगळे पळतात, मागून त्यांचा ट्रॅक्टर निवांत येतो, असा त्यांचा हिशोब. नवरदेवाकडची माणसं, मी तोंडावर नाही कसं म्हणणार? हो म्हणून बसलो. गाडी तुमच्या नावावर आहे, म्हणून तुमचा होकार तेवढा मामींच्या हातून लगेच लिहून पाठवावा.

ता. क. (हे अक्षर ऋतुजाचं आहे.) आण्णा, दाजींनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडं दिलं, मी उघडून वाचलं. सुपारी फुटलेली नाही. दाजी हो म्हणाले, तशी मीच ती ताटातून उचलून घेतली. म्हटलं, काका, तुमी मला बघायला आलात का गाडीला? गाडी दाजींची न्हाई, आणि मीही तिच्यासोबत फुकट येणारी न्हाई. वाळू सोडा, मग सुपारी फोडा. आत्याबाई उठल्याच होत्या. पण बद्रीनाथ म्हणाले, बरोबर बोलल्या त्या. आश्रुबाकाका नुसता फेटा झटकत बसले. त्यातून वाळू पडत होती. निघताना बद्रीनाथ हळूच म्हणाले, सुपारी जपून ठेवा, काकाला घेऊन येतो, चालत आणीन पण ट्रॅक्टरवर न्हाई. आण्णा, मुलगा मला पसंत आहे. सुपारी माझ्याजवळ आहे, ती तुमच्याच हातानं फुटायची आहे, म्हणून लवकर या. गाडी दारात आहे, किल्ली माझ्याकडं आहे, दाजींनी कचऱ्यात टाकलेले जुने बल्ब मी उचलून ठेवलेत, उद्या बसवते. आणि एक. मी डॉक्टरांना फोन करून विचारलं. ओरडल्यानं डोळ्याला काही होत नाही, ते दाजींनी मनानंच लिहिलंय. फोन दाजींच्याच नंबरवर करा, मी उचलून त्यांच्याकडं देते.