आमच्या विहिरीतला माझा हिस्सा

हे लिहायला मी फार टाळाटाळ केली. आधी वाटलं, सव्विसाव्या वर्षी मृत्युपत्र म्हणजे जरा जास्तच होतं. मग एकदा कागद घेतला, तर त्यावर स्पितीला जायच्या रस्त्याचा नकाशा काढत बसले. आज मात्र संपवते. उद्या सोमवारी मला हक्कसोडपत्रावर सही करायला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बोलावलं आहे, आणि मी जाणार नाही.

तर मी, संस्कृती गेनबा रायकर, राहणार धायरी, पुणे, शिक्षण डिप्लोमा दुसऱ्या वर्षापर्यंत, धंदा मिळेल तो, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. घरच्यांचं मत वेगळं आहे, पण त्यांचा दाखला मी मागितलेला नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. न लिहिण्यासाठी बराच आणला आहे.

पहिली गोष्ट विहिरीची. आईवडील गेल्यापासून मळ्यातली विहीर तिघांच्या नावावर आहे: माझा भाऊ शुभंकरदादा, मी आणि आमचे चुलते संभाजीकाका. तिच्यावर काकांचे टँकर भरतात आणि ते पाणी सोसायट्यांना विकलं जातं. आमच्याकडची रीत अशी की बहिणीने भावाच्या नावे हक्क सोडायचा, आणि साडीचोळी करून तिची बोळवण करायची. मी नको म्हटल्यावर काका म्हणाले, “तू गाडीवर हिंडतीस. उद्या एखाद्या घाटात गेलीस, तर हिस्सा आमच्याकडंच यायचा हाय. मग जित्तेपणी सही करायला काय जातंय?”

मुद्दा बिनतोड होता. म्हणूनच हे मृत्युपत्र.

विहिरीतला आणि मळ्यातला माझा अविभक्त हिस्सा माझ्यामागे माझ्या वहिनी, डॉ. पूर्णिमा शुभंकर रायकर, यांना मिळावा. दादाला नव्हे, वहिनींना. मी जिवंत आहे तोवर त्या पाण्याच्या विक्रीला माझी संमती नाही. मेल्यावर वहिनींची मागायला जावं लागेल. काकांनी त्यांच्यापुढे हात जोडून उभं राहायची सवय आतापासून करावी.

महापालिकेच्या प्रचाराच्या फ्लेक्सवर सगळ्यांनी हात जोडलेलेच आहेत. तो फ्लेक्स सध्या भटकंतीत माझ्या तंबूवर असतो, पाऊस अजिबात आत येत नाही. त्यात घरातले आणि पक्षातले सगळे पुरुष मोठे आहेत, आणि उमेदवार, म्हणजे वहिनी, खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढ्या. वहिनी मूळच्या वर्ध्याच्या. इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. जमिनीखालचा पाइप कुठे गळतो ते यंत्राला कसं कळावं, यावर त्यांनी पीएचडी केली. मला डिप्लोमा सोडायला बाकी सगळ्यांनी मनाई केली, वहिनींनी फक्त विचारलं, पेट्रोलचं काय करशील.

वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा काकांनी उमेदवार घरातच शोधला. शिकलेली, कमी बोलणारी, परगावची, सहीपुरती उत्तम. निवडून आल्यावर काका त्यांच्या कार्यालयात मोठ्या खुर्चीत जाऊन बसले आणि म्हणाले, कारभार आम्ही बघतो. वहिनी म्हणाल्या, “बसा ना काका. फक्त लोकांचे फोनही आपणच घ्या.” तुंबलेल्या गटारांचे फोन घेऊन घेऊन दुपारपर्यंत खुर्ची रिकामी झाली.

मग वहिनींनी स्वतःचं काम काढलं. वॉर्डातल्या बायकांना सांगितलं, नळाला पाणी आलं की एक मिस्ड कॉल द्या, गेलं की दुसरा. बाकी कॉम्प्युटर बघेल. मला म्हणाल्या, तू हिंडतेसच, तर टँकरच्या मागे हिंड. मी हिंडले. मधे एका टँकरचा नाद सोडून सिंहगडावर भजी खायला गेले, ते वहिनींना अजून माहीत नाही. महिन्याभरात नकाशा तयार झाला. ज्या गल्ल्यांत आमचे टँकर जास्त, त्याच गल्ल्यांचा व्हॉल्व्ह लवकर बंद व्हायचा.

महापालिकेच्या भर सभेत त्यांनी तो नकाशा पडद्यावर लावला आणि म्हणाल्या, “पहिली लाल खूण माझ्या सासरच्या टँकरची आहे. पुढच्या खुणा नंतर बघू.”

त्या दिवसापासून घरात दादा त्यांच्याशी बोलत नाही. पक्षाला त्यांचा राजीनामा हवा आहे. व्हॉल्व्ह आता वेळेवर उघडतात, पण टँकर भरतातच, कारण विहीर बंद करणं नगरसेविकेच्या हातात नाही, मालकाच्या आहे. म्हणून माझ्यामागे त्या मालक व्हायला हव्यात.

उरलेलं सामान:

मोटरसायकल माझी मैत्रीण सृष्टी जगताप हिला. कात्रजच्या चढाला शिव्या दिल्याशिवाय ती चढत नाही. मोटरसायकल, सृष्टी नव्हे.

फ्लेक्स दादाला. कात्री घेऊन फक्त बायकोचा फोटो ठेवायची हिंमत झाली तर घरात लावावा.

हक्कसोडीसाठी आणून ठेवलेली साडी काकांना परत. टँकरची काच पुसायला बरी पडेल.

मी गेल्यावर चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स नको. माझ्या फोटोखाली काकांचा फोटो आला, तर मी परत येईन.

ठिकाण: सृष्टीचं घर, विश्रांतवाडी, पुणे. तारीख ७ जून २०२६.

सही: संस्कृती गेनबा रायकर

साक्षीदार पहिली: सृष्टी जगताप

साक्षीदार दुसरा: इथे आनंद कुलकर्णी सही करणार होते. धायरीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, पाण्यासाठी सर्वांत जास्त ओरडणारे. मघाशी त्यांचा फोन आला: तत्त्वतः पूर्ण पाठिंबा आहे, पण उद्या सोसायटीत काकांचा टँकर यायचा आहे. वहिनींची सही चालली असती, पण ज्याला मिळायचं त्यानेच साक्ष देऊ नये, असं वकील म्हणतात. दुसऱ्या सहीशिवाय हा कागद म्हणजे रद्दी, हे काकांना माझ्याआधी कळलं असणार. जागा रिकामी ठेवते. रात्रभर दारं ठोठावीन, पण

थांबा. बेल वाजली. दारात यमुनाकाकी आहेत, संभाजीकाकांची बायको. धायरीहून एकट्या, स्वारगेटला बस बदलून आल्यात. मला वाटलं, समजूत घालायला पाठवलं. बस म्हटलं तर बसल्या नाहीत, पाणीही नको म्हणाल्या. काकांनी कुलकर्णींना फोन केला तो ऐकला, एवढंच सांगितलं. पदराने चष्मा पुसून कागदाकडे हात केला.

“माहेरचं वावर सोडलं तवा एक सही केली व्हती. त्याच्यामागं कुणी मागितलीच न्हाई. कुठं करायची, दाव.”