पाणी फुकट होतं म्हणून

कोपर, डोंबिवली पश्चिम
गुरुवार

श्री. साईनाथराव व्याहीबुवांस,

सीतारामचा साष्टांग नमस्कार. (कागदावरचाच समजावा, कंबर प्रत्यक्ष घालू देत नाही.) आपला उजवा डोळा आता कसा आहे? ऑपरेशननंतर ताण नको म्हणतात, म्हणून अक्षर मोठं काढतो आहे. तरीही हे पत्र विहीणबाई रमाबाईंकडून वाचून घेऊ नये, थोडं थोडं करून स्वतःच वाचावं, ही विनंती. आमच्याकडे सौ. कांताचे गुडघे सोडले तर सर्व ठीक. फोन केला असता, पण आमच्या घरात फोन स्पीकरवर लावायची पद्धत आहे, त्यामुळे समोरच्या बिल्डिंगलाही आमची खुशाली कळते.

आपण नाशिकला दवाखान्यात असताना रविवारी आम्ही आमच्या विनीतच्या गाडीने आपल्या द्राक्षमळ्यावर येऊन गेलो. तिथे काय झालं ते आपल्या कानावर आलंच असेल, आणि वाढवूनच आलं असेल. म्हणून खरं काय ते माझ्याकडून ऐका.

आमची रीत आपल्याला ठाऊक आहे. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. शिवानीच्या लग्नाला तीन वर्षं होतील. जेव्हा जेव्हा आलो तेव्हा पाण्याची बाटली आणि पोळीभाजीचा डबा घेऊन आलो, आणि आपण कधी मनाला लावून घेतलं नाही, हा आपला मोठेपणा. (कांता हे काही पाळत नाही. ती आपल्याकडे जेवते, वर डबा बांधून आणते. तिला कोण बोलणार!) या वेळी कसारा घाटात कांताला मळमळलं आणि माझी बाटली तिच्या चुळा भरण्यात संपली. मळ्यावर पोचलो तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. शिवानी तांब्या घेऊन समोर उभी. "बाबा, निदान पाणी तरी." मी मान हलवली. तिने तांब्या तसाच आत नेला.

मग माझ्या मनात आलं, की वेलींच्या कडेला आपण वाईन चाखायची जी खोली बांधली आहे, ते काही घर नव्हे. बाहेर पाटी आहे, गल्ला आहे, अनोळखी लोक पैसे देऊन आत जातात. म्हणजे दुकानच. दुकानात विकत घेतलेलं पाणी लेकीच्या घरचं कसं होईल? गल्ल्यावर दिशा नावाची मुलगी होती, ती मला ओळखत नव्हती. तिच्याकडे पाण्याची बाटली मागितली. "काका, पाणी फ्री आहे," ती म्हणाली. मी म्हटलं, फ्री नको गं, विकतचं दे. "विकत फक्त वाईन आहे काका. पाच प्रकार, सोबत स्नॅक्स." साईनाथराव, माझ्या जागी आपण काय केलं असतं? (पाणीच प्याला असता, मला माहीत आहे. पण आपण मुलाचे बाप.)

मी तिकीट काढलं.

उभ्या जन्मात मी त्या वाटेला गेलो नव्हतो. रंगाच्या कारखान्यात नोकरी केली, तिथे पगाराच्या दिवशी सगळे बसायचे तेव्हा मी नुसते चणे खायचो. आत ठाण्याचा, घोडबंदर रोडचा एक ग्रुप होता, त्यांच्यातच मला उभं केलं. पहिली पांढरी आली. (पांढरी म्हणतात, असते पिवळट.) शिकवणारा मुलगा म्हणाला, ग्लास हलवा, वास घ्या, कशाचा येतो ते सांगा. कुणाला अननसाचा आला, कुणाला पेरूचा, एका बाईंना ओल्या गवताचा. मी म्हटलं, द्राक्षांचा. सगळे हसले. का, ते मला अजून कळलेलं नाही. मग ते सगळे ती वाईन तोंडात घोळवून एका भांड्यात थुंकू लागले. व्याह्यांच्या कष्टाची वस्तू मी थुंकणार नाही, असं ठरवून मी प्रत्येक ग्लास संपवला, आणि तहान असल्यामुळे ताकासारखा संपवला. स्नॅक्समध्ये चीजचे तुकडे होते, बिस्किटं, भाजलेले काजू, आणि ऑलिव्ह नावाचं एक हिरवं फळ, जे मी मिठातलं बोर समजून उत्साहाने तोंडात टाकलं. (ते कशासाठी खातात, हे जावई सिद्धेशरावांना विचारून कळवावं.) कोथिंबिरीची वडी मात्र शिवानीच्या हातची होती. पहिल्या घासाला कळलं. लग्नानंतर तिच्या हातचं पहिल्यांदाच खात होतो. बाकीच्यांची नजर चुकवून आणखी दोन घेतल्या.

तिसरी गुलाबी आली, आणि ती प्यायल्यावर मला एकदम जाणवलं, की मी मुलीचा बाप आहे, आणि हे ठाण्याचे पाहुणे नुसतेच उभे आहेत, त्यांना कुणी आग्रह करत नाही. पुढचं मला तुटक आठवतं. विनीतने मोबाइलवर घेतलं आहे, त्यावरून लिहितो. मी खांद्यावर नॅपकिन टाकला, बाटली उचलली आणि पंगतीत जिलबी वाढावी तसा ओळीने फिरलो. "घ्या हो, लाजू नका, व्याह्यांकडे काही कमी नाही!" ज्यांनी ग्लासावर हात धरला त्यांच्या बोटांवर ओतली. "काका, तुम्ही रोज असता का?" असं त्या गवतवाल्या बाईंनी विचारलं. बाटली संपली तेव्हा मी मालकाचा व्याही असल्याचं सांगून त्या मुलाकडून मागच्या फळीवरची उघडवून घेतली. ती आपण मुलांच्या लग्नाच्या वर्षाची म्हणून जपून ठेवली होती, हे दिशाने सांगितलं, पण उघडल्यावर. हात जोडून क्षमा मागतो. तिच्यातला थेंबही कुणाला थुंकू दिला नाही. भांडंच मी टेबलाखाली ढकललं होतं.

डोळ्याला जपावं. राग आला असेल तर माझ्यावर धरावा, शिवानीवर नको.

आपला,
सीताराम

ता. क. : मुख्य गोष्ट राहिली. सिद्धेशरावांनी माझ्या तिकिटाचे पैसे विनीतच्या मोबाइलवर परत पाठवले. म्हणजे मी विकत घेतलंच नाही. लेकीच्या घरचं फुकट खाल्लं आणि प्यालो, आणि तेही वाईन! रविवारपासून झोप नाही. त्यांना समजावून पैसे ठेवून घ्यायला सांगावं. यापुढे मी महिन्यातून एकदा रीतसर तिकीट काढून येईन, थोडी चाखेन, वडी खाईन, शिवानीला बघेन आणि परत जाईन. दुसरा मार्ग मला सुचत नाही.

आणखी ता. क. : एवढं लिहून कांताला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "महिन्याच्या महिन्याला दारू प्याल, पण पोरीच्या हातचं पाणी नाही?" मी म्हटलं, मूल झालं की पिईन. तेव्हा तिने सांगितलं, की शिवानी आणि सिद्धेशरावांनी मूल नको असं कधीचंच ठरवलं आहे. "तुम्हाला कसं सांगायचं म्हणून पोरगी गप्प राहिली," म्हणाली. (आपल्याला हे ठाऊक असेल. नसेल तर हे वाक्य मी लिहिलंच नाही असं समजावं.) म्हणजे हा म्हातारा कधीच पिणार नाही हे ठाऊक असून ती दर वेळी तांब्या घेऊन येत होती.

शेवटचा ता. क. : पहिला ता. क. रद्द समजावा. पैसे मी ठेवून घेतले आहेत. येत्या रविवारी येतो, बाटली आणि डबा आणणार नाही. शिवानीला काही सांगू नये, पाणी मी स्वतः मागेन. फक्त ती तांब्या घेऊन आली, की आपण, रमाबाई आणि सिद्धेशराव, सगळ्यांनी थोडा वेळ बाहेर जाऊन वेली बघाव्यात.