माळढोकाला ऐकवलेली कविता

१२ फेब्रुवारी

ती. नानांस, दोन्ही हात जोडून सा. न. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं आईनं कळवलं. इथं सगळी पिल्लं मजेत, धाकटं सोडून. माळावरचे माळढोक संपत आले, म्हणून आम्ही ही पिल्लं अंड्यातून वाढवतो आणि मोठी झाली की माळावर सोडतो. त्यांना माणसाचा लळा लागता कामा नये, म्हणून राखाडी बुरखे घालून, तोंडातून शब्दही न काढता भरवतो. आणि तुम्ही आठवडाभर कुंपणाला खुर्ची लावून त्या धाकट्याला शाळेतल्या कविता ऐकवल्यात! मला वाटलं, पेपर वाचताय. आता कुणी नुसतं खोकलं तरी ते धावत येतं. इथल्या पक्ष्यांच्या डॉक्टरबाई म्हणतात, असंच राहिलं तर सोडता यायचं नाही. शिकाऱ्याकडेही असंच धावेल. मग जन्मभर पिंजरा. रागावले नाही, पण घास उतरत नाही.

तुमच्या मायेतली,
टिटवी

१९ फेब्रुवारी

चि. टिटवीस, डोक्यावर हात ठेवून अ. उ. आ.

पाटी वाचली होती गं मी. 'बोलू नये' लिहिलं होतं. कविता म्हणणं म्हणजे बोलणं, हे डोक्यातच आलं नाही! गवतावर कोवळं ऊन खेळत होतं, मी पुन्हा चौथीत जाऊन बसलो होतो. जन्मभर मास्तरकी केली, पण इतकं मन लावून ऐकणारं कुणी भेटलं नाही. कडवं संपलं की मान कलती करायचं, लबाड. डॉक्टरबाईंना उपाय विचार. सांगतील ते करीन.

तुझा अपराधी,
नाना

२५ फेब्रुवारी

ती. नानांस सा. न.

उपाय आहे, तुम्हाला रुचायचा नाही. तुम्ही यायचं, तीच कविता म्हणायची, आणि ते जवळ आलं की डबा बडवत अंगावर धावून जायचं. आम्ही बडवला तर आम्हाला ते घाबरेल हो, पण लळा तुमच्या आवाजाचा आहे. लवकर या.

टिटवी

२० मार्च

चि. टिटवीस अ. उ. आ.

घरी पोचलो. तुला तिथं सांगितलं नाही, पहिल्या दिवशी डबा बडवला तर ते पळालंच नाही. जरा मागं सरून पुढच्या कडव्याची वाट बघत उभं राहिलं. तुझा बुरखा मागून घ्यावासा वाटला. आत निदान रडता येतं.

मग रोज बडवत राहिलो. आणि परवा, कुंपणाचं दार उघडं ठेवून बाईंनी मला उभं केलं, तेव्हा पहिला शब्द तोंडातून निघतो न निघतो तोच ते उडालं. गवताच्या शेंड्यांवरून, मागं न बघता. तू टाळ्या वाजवल्यास. मीही वाजवल्या. त्यानं ते आणखी लांब गेलं.

तू मात्र लोभ असाच राहू दे.

नाना